सिंगल की डबल

तुम्ही ऐकलं होतं. घरात मी होते, भिंतीपलीकडे शेजारीण होती, गल्लीत माणसं होती, पण नीट ऐकलं ते फक्त तुम्ही. आणि ऐकून काय केलंत, तर एक ओळ लिहिलीत आणि पुढच्या फाइलकडे वळलात. तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही बाई आहात, बाप्या आहात, का नुसतंच मशीन आहात, तेही माहीत नाही. सहीच्या जागी 'क्वालिटी टीम' एवढंच असतं. तेव्हा तुम्हालाच विचारायचंय. पण आधी सगळं ऐका. ऐकायचाच तर पगार घेता.

"सोलापूरला जाणारी पुढची बस किती वाजता आहे?" मी मोबाइलला विचारलं.

"सव्वातीनची गेली की मघाशीच. आता पाचची," बाहेरच्या खोलीतून आप्पा म्हणाले.

मी हेडफोन काढून मांडीवर आपटला. दुपारपासूनची सगळ्यात चांगली उतरलेली क्लिप होती ती.

"आप्पा, मी तुम्हाला नाही विचारत."

"मग कुणाला विचारतीस? ह्या घरात दुसरा कंडक्टर कोण हाय?"

आप्पा म्हणजे माझे वडील, मारुती भडकुंबे. बार्शी डेपोत अख्खा जन्म गेला त्यांचा. आई गेल्यावर भावाने पुण्याहून फोन करून सांगितलं, इथे दीड खोली आहे, आप्पांना कुठे ठेवू. मग मी घेऊन आले. लेकीच्या दारात राहायचं म्हणून पहिले काही महिने ते पाहुण्यासारखे बसायचे, चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचे. माझे मालक, दशरथ, त्यांना म्हणाले, "मामा, तुमचंच घर समजा." आप्पा म्हणाले, "जावईबापू, जन्मभर विदाऊट तिकीटवाले खाली उतरवले मी. आता म्हातारपणी मीच फुकट बसलोय, ते सलतं." हे बोलणं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दशरथ टेम्पो चालवायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मी डाळमिलमध्ये सकाळपाळीला. पोरगी, प्रणाली, लातूरला नर्सिंगला घातली होती, आणि पोरीचं शिक्षण दोघांच्या कमाईत बसत नव्हतं. अशात तुमची जाहिरात मोबाइलवर आली. 'रिकाम्या वेळेत, घरबसल्या, आपल्या सोयीने कमवा. फक्त मराठी बोला.' मला वाटलं, मराठी बोलायचे पैसे देणारं जगात कुणीतरी निघालं. आपण तर जन्मभर फुकटच बोलत आलो.

रिकामा वेळ. हा शब्द कुणी काढला असेल, त्याला एकदा माझ्या घरी आणायला हवा होता. मिल सुटल्यावर दुपारी घरी येऊन, डोक्यातला भुसा झटकून, मी आणि आप्पा उंबऱ्यात चहा घेऊन बसायचो. ते मला घाटातल्या, नदीच्या पुरातल्या, बसमध्ये बाळंत झालेल्या बाईच्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या निम्म्या मी दहादा ऐकलेल्या. तोच माझा रिकामा वेळ होता. तुम्ही तो विकत घेतलात. मी विकला, हेही खरं. पण तुम्ही त्याला रिकामा म्हणालात.

काम सोपं होतं. पडद्यावर वाक्य यायचं, ते सांगाल तशा सुरात म्हणायचं. साधं म्हणा, घाईत म्हणा, रागावून म्हणा. यंत्राला मराठी माणसाचं बोलणं कळावं म्हणून. वाक्यं मात्र कुठल्या मराठीतली होती देव जाणे.

"'कृपया शयनकक्षातील दिवे मंद करा.'" मी म्हणून बघत होते.

"आपल्यात असं कोण बोलतं गं?" आप्पांनी विचारलं. "लाइट बारीक कर म्हणावं."

"त्यांनी दिलंय तसंच म्हणायचं असतं."

"म्हंजे मराठी त्यांची, तोंड तुझं."

"पैसे पण त्यांचे."

"मग म्हण बाई. कर दिवे मंद."

अडचण आवाजाची होती. तुम्हाला माझा आवाज हवा होता, पण माझ्या घराचा नको होता. मधल्या खोलीत मी तिन्ही बाजूंनी वाकळा टांगल्या, पंखा बंद केला, खिडकीला उशी लावली. तरी गल्लीतून भंगारवाला ओरडत जायचा, शेजारच्या जुबेदाभाभीचा मिक्सर सुरू व्हायचा, आणि क्लिप नापास. 'पार्श्वभूमीत आवाज.' शेवटी आप्पाच म्हणाले, "तू ड्रायव्हर हो. मी कंडक्टर होतो."

"म्हणजे?"

"म्हंजे मी दारात बसतो. गल्ली मोकळी दिसली की डबल बेल. तू गाडी सोड. कुणी आडवं आलं की सिंगल. तू थांब. आगं, तीस वर्षं हेच केलंय मी. ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? तो बेलवर चालतो."

माझ्या खोलीची आणि बाहेरच्या खोलीची मधली भिंत प्लायची होती, दारात बसून हात पोचेल अशी. तिच्यावर ते तिकिटाच्या पंचाने ठोकायचे. डेपोतला पंच निवृत्त होताना जमा करावा लागला होता. हा त्यांनी सोमवारच्या बाजारात एका जुनं सामान विकणाऱ्याकडून घेतलेला. कडक, लहान आवाज यायचा. टकटक, की मी बटण दाबायचे. टक, की ओठ मिटायचे. बेल बटणाच्या आधी, त्यामुळे क्लिपमध्ये येत नसे.

आणि सांगते, ते दिवस वाईट नव्हते. आप्पांना जोम आला. दाढी करून, खाकी शर्ट घालून दारात स्टूल टाकून बसायचे. भंगारवाल्याला पुढच्या चौकापर्यंत गप्प चालत जायला लावायचे. जुबेदाभाभी एकदा मिक्सरचं भांडं घेऊन दारात आली, म्हणाली, "मारुतीचाचा, चटणी पीसू क्या? डबल बेल है के नहीं?" आप्पांनी गंभीरपणे हात वर केला, थांब म्हणाले, माझं वाक्य संपलं आणि मग तिला जायची खूण केली. माझ्या क्लिपा पास व्हायला लागल्या. तुम्ही मला 'सोनेरी' केलंत.

सोनेरी म्हणजे काम जास्त. काम जास्त म्हणजे बॅच, वाक्यांचा गठ्ठा, कधीही येणार, आणि आली की तिथल्या तिथे घ्यायची, नाही तर दुसरी कुणी उचलणार. घेतली की मुदतीत संपवायची. अर्धी टाकली तर सोनेरीची रुपेरी, रुपेरीची काहीच नाही. मग आपल्या सोयीचं काय झालं? मोबाइल वाजला की मी ताटावरून उठायला लागले. प्रणालीचा फोन बॅच चालू असताना आला की कापायला लागले. आप्पांचा चहा मी त्यांच्या हातात द्यायचे आणि माझा आत घेऊन जायचे. तो तिथेच गार व्हायचा.

एकदा ते म्हणाले, "रतन, एक दिवस स्टँडवर नेतीस का मला? नुसतं बसू. गाड्या बघू."

"नेते की. ही बॅच होऊ दे."

"बॅच गेली तर दुसरी येत नाही का?"

"येते, पण ही गेली की मला कमी येतात."

ते जरा विचार करून म्हणाले, "मग ती गाडीच नव्हे. गाडीचं काय असतं, चुकली तर माणूस फलाटावर बसतो, शेंगा खातो, दुसरीची वाट बघतो. चुकलेल्या माणसाला गाडी शिक्षा करत नाही."

मी हसले आणि आत गेले. स्टँडवर गेलो नाही.

आता त्या दुपारचं सांगते.

चैत्रातलं ऊन होतं. मी मिलमधून आले तेव्हा आप्पा स्टुलावर नव्हते, कॉटवर बसलेले. शर्ट घातलेला, पण वरची दोन बटणं उघडी.

"काय झालं?"

"काही नाही. छातीत जळजळतंय जरा. सकाळचं मिरचीचं कालवण भोवलं."

मी ओवा दिला, पाणी दिलं. कपाळाला हात लावला तर गार, ओलसर. उन्हाळ्यात कुणाचं कपाळ ओलं नसतं? मी म्हटलं, "दवाखान्यात जाऊ या का?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. बॅच.

आप्पांनी माझ्या आधी मोबाइलकडे बघितलं. "आली का गाडी?"

"जाऊ दे तिला. चला, रिक्षा बघते."

"आगं, पित्ताला कुठं दवाखाना लागतो? किती आहे?"

"लहानच आहे. छोट्या छोट्या हुकमांचं काम आहे आज."

"मग घे की. झालं की जाऊ. येताना स्टँडवरनं येऊ."

"आप्पा, नक्की?"

ते उठले, पंच घेतला, स्टूल दारातून ओढून प्लायच्या भिंतीला टेकवून बसले. "हे बघ," ते म्हणाले, "थांबायचं असलं तर मी सिंगल देईन की. तू बेलवर चाल. ड्रायव्हरनं मागं बघत गाडी चालवायची नसते."

मी बॅच घेतली. त्यांनी सांगितलं म्हणून घेतली, आणि मला हवी होती म्हणूनही घेतली. तुम्हाला वाटेल मी रडत-पडत माफी मागायला बसले आहे. नाही. काय झालं ते सांगते आहे.

शब्द असे होते. 'पुढे.' 'मागे.' 'पुन्हा सांग.' 'बंद कर.' प्रत्येक शब्द तीन सुरांत. टकटक आली, मी म्हटलं. टकटक आली, मी म्हटलं. मधे एकदा सिंगल आली, मी थांबले, गल्लीतून फटफटी गेली, मग टकटक. सगळं नेहमीसारखं. मी ऐकत होते, त्यांचा हात नीट पडत होता.

मग 'आवाज कमी कर' आलं. मी बेलची वाट बघत बसले. बेल येईना. गल्लीचा काही आवाज येत नव्हता, पण बेल नाही. मुदत संपत आली होती. एरवी करत नव्हते ते मी केलं. बटण आधीच दाबून ठेवलं, की बेल आली रे आली म्हणायचं, सुरुवातीचा रिकामा भाग कापता येतो. पडद्यावर लाल ठिपका लागला. फाइल चालू झाली.

टक.

त्याच वेळी मोबाइल हातात थरथरला. 'वेळ संपत आली आहे.' मी ते बोटाने बाजूला सारलं. मुदतीच्या घाईत कोण वाचतं, पण डोळे जातातच.

टक.

मी मनात म्हटलं, डबल. आणि 'आवाज कमी कर' म्हटलं, साधं, मग रागावून, मग हळू. सुरुवात कापायचं राहिलं, तशीच पाठवली. पुढे चार-पाच शब्द होते. त्यांना बेल आलीच नाही. गल्ली शांत होती, मी बेलशिवाय उरकले. पडद्यावर हिरवी खूण आली, 'छान काम!' असं लिहून आलं. तुमच्याकडून.

वाकळ सारून बाहेर आले. आप्पा स्टुलावरच होते. डोकं भिंतीला टेकलेलं, पंचाचा हात प्लायला लागलेला, जणू तिसरी देणार होते. "चला आप्पा, झालं," मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

जुबेदाभाभीने रिक्षा आणली. रिक्षात त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, पाय माझ्या. वाटेत स्टँड लागलं. मी बाहेर बघितलं नाही.

डॉक्टर तरुण होता. नाडी बघितली, ईसीजीची पट्टी काढली, आणि विचारलं, "केव्हापासून होत होतं?"

"मी आत होते," एवढंच म्हणाले.

"जरा आधी आणलं असतं तर बघता आलं असतं," तो म्हणाला. तेही रागावून नाही म्हणाला. माहिती म्हणून म्हणाला.

राख सावडून आल्यावर मी मोबाइल उघडला. त्या बॅचचा निकाल आला होता. सगळ्या क्लिपा पास, एक नापास. 'आवाज कमी कर.' खाली कारण: 'पार्श्वभूमीत ठोकण्याचा आवाज, दोन वेळा.'

ती ओळ मी भिंतीला टेकून किती वेळ वाचत बसले सांगता येत नाही. दशरथ आले, त्यांनी मोबाइल हातातून घेतला, वाचला.

"हे काय आहे?"

"आप्पांचे ठोके."

"मग?"

"दोन वेळा लिहिलंय. डबल लिहिलेलं नाही."

त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं. दोन ठोके चिकटून आले तर ती डबल. म्हणजे आप्पांना काय होतंय ते त्यांना कळत होतं की नव्हतं देव जाणे, पण त्यांनी मला सांगितलं, चल, तू चालव, माझं तिकीट मी काढलं. आणि दोन ठोक्यांच्या मधे अंतर असेल, तर ती डबल नव्हेच. ती सिंगल आणि पुन्हा सिंगल. थांब. मी थांबले नाही म्हणून, परत, थांब.

दशरथांनी मोबाइल माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, "रतन, कळून काय करणार?"

"काय करायचं ते कळल्यावर ठरवीन."

"तुझ्या कानांनी ऐकलंय की तू."

"माझ्या कानांचं काय घेऊन बसलात? मी मोबाइलकडे बघत होते."

हे खरं आहे. तेव्हापासून ते दोन ठोके मी इतक्या वेळा आठवलेत की नाण्यावरचा छाप झिजावा तसे झिजून गेलेत. कधी ते चिकटून ऐकू येतात. कधी त्यांच्या मधे अख्खी दुपार असते. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिला नाही. भरवसा फक्त फाइलवर आहे, आणि फाइल तुमच्याकडे आहे. माझ्या मोबाइलवरून ती पाठवल्या पाठवल्या पुसली जाते. तुमचाच नियम.

मी तुम्हाला लिहिलं. तुमचं उत्तर आलं, 'आपल्या चिंतेची आम्हाला कदर आहे. नापास क्लिपचा मोबदला मिळणार नाही.' मी लिहिलं, मोबदला नको, क्लिप द्या. उत्तर आलं, 'चांगल्या क्लिपसाठी शांत खोली निवडा.' मी लिहिलं, ते माझे वडील होते. उत्तर आलं, 'सादर केलेली सर्व ध्वनिमुद्रणं कंपनीच्या मालकीची आहेत. नापास क्लिपा यंत्राला गोंगाट ओळखायला शिकवण्यासाठी वापरल्या जातात. आम्ही आपली आणखी काही मदत करू शकतो का?'

गोंगाट.

माणसाने शेवटचा जो शब्द काढला, त्याला तुम्ही गोंगाट म्हणता आणि यंत्राला शिकवता की हे असलं काही ऐकू आलं तर सोडून द्यायचं.

काम मी त्याच महिन्यात सोडलं. प्रणालीचं शिक्षण झालं, कसं झालं ते आमचं आम्हाला ठाऊक. ती आता हृदयाच्याच वॉर्डात आहे. एकदा तिने मला समजावलं, "आई, अशा वेळी माणसाचा हात थरथरतो. ठोके कसेही पडू शकतात. फाइल मिळाली तरी कळणार नाही." मी म्हटलं, "तुझे आजोबा भरल्या गाडीत, घाटात, ताप अंगात घेऊन बेल द्यायचे. त्यांचा हात चुकत नव्हता." ती चुकीचं बोलत होती असं नाही. पण तिने ती फाइल ऐकलेली नाही, मीही ऐकलेली नाही. तुम्ही ऐकली आहे.

मी सातवी शिकलेली. जे काही लिहायला शिकले, ते तुम्हाला लिहून लिहून शिकले. पहिल्या अर्जात 'महोदय' होतं, 'नम्र विनंती' होती. ती मी केव्हाच काढून टाकली. भाऊ म्हणतो, कंपनी बंद पडली असेल, नाव बदललं असेल. असेल. तुम्ही बंद पडला नाहीत. कुठेतरी बसून कुणातरी बाईच्या घरातला आवाज आत्ताही कापत असाल. तिच्याकडे कुणी बेल द्यायला बसलंय का, ते बघा एकदा.

मला नुकसानभरपाई नको. माफी नको, तुमच्या माफीचं वाक्य मला पाठ आहे. डबल निघाली तर मी स्टँडवर जाऊन एकटी बसेन, शेंगा खाईन. सिंगल निघाली तर तेही माझंच आहे, मी ते घेईन. पण त्या दोन्हींच्या मधे मला तुम्ही लटकवून ठेवलंय, दाराच्या पायरीवर उभ्या प्रवाशासारखं. ना आत घेत, ना उतरू देत.

हेडफोन लावा. ती फाइल काढा. माझा आवाज सुरू होण्याच्या आधीचा भाग ऐका, जो तुम्हाला नको होता तो. दोन ठोक्यांच्या मधे किती वेळ जातो ते बघा आणि सांगा. 

सिंगल होती की डबल?